मधल्या किमतीचा लॅपटॉप: काटकसर नेमकी कुठे केली आहे?

जून-जुलैत कॉलेजच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. बजेट बहुतेकांचं पन्नास-साठ हजारांच्या आसपास असतं. तीस हजारांच्या आतला लॅपटॉप दोन वर्षांत रडवेल अशी धास्ती असते आणि लाखाचा घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसते. त्यामुळे अभियांत्रिकीला गेलेली मुलगी, सीएचा अभ्यास करणारा मुलगा, जीएसटीचे रिटर्न भरणारा दुकानदार आणि घरून काम करणारा नोकरदार असे सगळे पंचेचाळीस ते सत्तर हजारांच्या पट्ट्यात येऊन थांबतात. पर्यायांची गर्दी याच पट्ट्यात सर्वाधिक आहे, आणि गोंधळही.

या किमतीत अगदीच टाकाऊ लॅपटॉप आता फारसे राहिलेले नाहीत. तसा निर्दोषही एकही नाही. साठ हजारांत सगळंच उत्तम देणं कोणत्याच कंपनीला परवडत नाही, कुठेतरी हात आखडावा लागतो. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी हे तीन आकडे जाहिरातीत ठळक छापलेले असतात. तिथे काटकसर केली तर गिऱ्हाईक लगेच ओळखतं. मग कात्री चालते ती स्क्रीनवर, बॅटरीवर, बिजागरीवर, वेबकॅमवर आणि रॅमच्या रिकाम्या स्लॉटवर. म्हणून तोलताना माझा निकष साधा आहे. जे पुढे बदलता येतं त्याला कमी वजन द्यायचं आणि जे कायमचं गळ्यात पडणार आहे त्याला जास्त. दुकानात मात्र बहुधा याच्या उलट घडताना दिसतं.

सुरुवात प्रोसेसरपासून करू, कारण फसगत तिथे सगळ्यात सोपी आहे. इंटेलचा आय-३, आय-५, आय-७ हा चढता क्रम सगळ्यांना पाठ झाला आहे आणि 'आय-७ आहे' एवढ्यावर दहा हजार जास्त मोजणारे लोक आहेत. पण नावातला आय-५ किंवा आय-७ हा भाग जितका महत्त्वाचा, तितकंच शेवटचं अक्षर महत्त्वाचं. शेवटी 'यू' असेल तर तो साधारण १५ वॉटचा, वीज वाचवणारा प्रोसेसर. 'एच' असेल तर ४५ वॉटचा, जोर लावणारा. आय-७ १२५५यू मध्ये जोमाचे दोन आणि काटकसरी आठ असे दहा कोअर आहेत. आय-५ १२४५०एच मध्ये जोमाचे चार आणि काटकसरी चार. कोअर मोजले तर पहिला वरचढ दिसतो. पण व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, मोठा कोड कंपाइल करणं अशा बराच वेळ चालणाऱ्या कामात, थंड ठेवण्याची सोय नीट असेल, तर आय-५ एच त्याच्या पुढे जातो. उलट ज्याचं काम वर्ड, एक्सेल आणि ब्राउझरपुरतं आहे, त्याला 'यू' बरा. बॅटरी जास्त पुरते आणि पंखा सतत घोंघावत नाही.

त्यात इंटेलने २०२३च्या अखेरीपासून नावंच बदलली. 'आय' गळाला आणि 'कोअर अल्ट्रा ५' व नुसता 'कोअर ५' अशा दोन वेगळ्या वाटा झाल्या. अल्ट्रा ही नवी रचना. नुसता कोअर ५ मात्र बऱ्याचदा जुनीच रचना नव्या नावाने असतो. कोअर ५ १२०यू आणि त्याआधीचा आय-५ १३३५यू यांत नावाइतका फरक अजिबात नाही. नावावरून तो पुढच्या पिढीचा वाटतो, एवढंच.

एएमडीचा घोळ याहून रंजक आहे. रायझनच्या ७००० मालिकेत पहिला आकडा विक्रीचं वर्ष सांगतो आणि प्रोसेसरची खरी रचना कोणत्या पिढीची हे तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू हे नाव नवंकोरं वाटतं, पण तिसरा आकडा २ आहे, म्हणजे रचना झेन-२, मूळची २०१९ची. कोअर फक्त चार. शेजारीच मांडलेला रायझन ५ ७५३०यू झेन-३ रचनेचा आणि सहा कोअरचा. आकड्यात फरक दहाचा, कामात एका पिढीचा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण ७५२०यू ला चपखल बसते. शिवाय या चिपला चालणारी रॅम मदरबोर्डवर डाग देऊनच बसवलेली असते, ती वाढवण्याचा मार्गच नाही. चाळीस हजारांच्या आत, फक्त टायपिंग आणि यूट्यूबसाठी तो चालून जाईल. पन्नासच्या वर मात्र त्याच्याकडे वळून पाहू नये.

या किमतीतला चांगला प्रोसेसर पाच-सहा वर्षं कमी पडत नाही. आधी अपुरी पडते ती रॅम. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान रॅम ४ जीबी आहे, पण ती कागदावरची. मशीन नुसतं सुरू करून ठेवलं तरी तीन-चार जीबी खर्ची पडते. वर क्रोमचे पंधरा टॅब, एखादी ऑनलाइन मीटिंग आणि मोठी एक्सेल फाइल उघडली, की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकू लागतो. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर तीही याच रॅममधून आपला वाटा उचलते. आज नवा लॅपटॉप घेताना १६ जीबी हा किमान आकडा धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ८ जीबीचा घ्यायचाच असेल तर स्लॉट रिकामा आहे याची खात्री करून.

स्लॉटचा हा प्रश्न विक्रेत्याला विचारला की बहुधा 'एक्स्पांडेबल आहे सर' असं उत्तर मिळतं. तेवढ्यावर थांबू नये. काही मॉडेलमध्ये ८ जीबी बोर्डावर पक्की आणि एक स्लॉट मोकळा असतो. काहींत दोन्ही स्लॉट असतात. काहींत सगळीच रॅम पक्की, आणि मग आज जितकी आहे तितकीच शेवटपर्यंत. एकाच नावाच्या मालिकेत हे तिन्ही प्रकार सापडू शकतात. आयडियापॅड स्लिम ३, व्हिवोबुक १५, एचपी १५ किंवा अ‍ॅस्पायर ही कुटुंबांची नावं आहेत. एकेका कुटुंबात प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीन वेगवेगळे असलेले कितीतरी सभासद आहेत. खरी ओळख मागच्या बाजूच्या लांबलचक मॉडेल नंबरात असते. तो नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरचा तपशील-तक्ता वाचावा. त्यात मेमरी सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

रॅमची एकच पट्टी आहे की दोन, यानेही फरक पडतो. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि आतल्या ग्राफिक्सचा वेग चांगलाच वाढतो. इंटेलच्या ११व्या ते १३व्या पिढीतल्या आयरिस एक्सई ग्राफिक्सची गंमत अशी, की रॅम एकाच वाटेवर असेल तर विंडोज तिला आयरिस एक्सई म्हणतच नाही, नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दाखवतं. जाहिरातीत आयरिस वाचून घेतलेल्या मशीनमध्ये असं दिसलं तर ती गडबड सॉफ्टवेअरची नसते, दुसरी पट्टी बसवलेली नसते.

पूर्वी यावर सोपा तोडगा होता. ८ जीबीचा स्वस्त लॅपटॉप घ्यायचा आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन दुसरी पट्टी टाकून घ्यायची. ते गणित आता बिघडलं आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचं उत्पादन आपल्याकडे ओढून घेतलं आणि २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायक्रॉन या मोठ्या उत्पादक कंपनीने 'क्रुशल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे '८ जीबी अधिक पुढे कधीतरी आणखी ८' याऐवजी सुरुवातीलाच १६ जीबी घेणं स्वस्त पडतं का, हे त्या दिवशीचे भाव विचारून ठरवावं. पट्टी बाहेरून बसवली तर वॉरंटी टिकते का, याचं उत्तरही कंपनीगणिक वेगळं आहे. ते लेखी मिळालं तर उत्तम.

साठवणुकीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. या पट्ट्यात आता एनव्हीएमई एसएसडीच येते, तीही बहुधा ५१२ जीबीची. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, तफावत त्यामुळे आहे. सेकंदाला तीन हजार आणि सात हजार एमबी वेगाच्या एसएसडीतला फरक रोजच्या कामात जाणवत नाही. शिवाय एसएसडी बहुतेक मॉडेलांत बदलता येते. तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आता स्क्रीन. माणूस लॅपटॉपच्या ज्या भागाकडे दिवसभर बघत बसतो, त्याच भागाची चौकशी तो सगळ्यात कमी करतो आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. खोक्यावर 'फुल एचडी, अँटी-ग्लेअर, १५.६ इंच' एवढंच असतं. न लिहिलेल्या गोष्टी दोन, उजेड किती आणि रंग किती.

उजेड निट्समध्ये मोजतात. या पट्ट्यात २५० निट्स सर्रास आढळतात. बंद खोलीत ते पुरतात. खिडकीशी, गॅलरीत किंवा रेल्वेच्या डब्यात बसलात की डोळे बारीक करावे लागतात. ३०० निट्स असतील तर फरक लगेच कळतो. रंगांसाठी तपशील-तक्त्यात '४५ टक्के एनटीएससी' असा शब्दप्रयोग दिसला, तर तो स्क्रीन एसआरजीबी या नेहमीच्या प्रमाणातले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवू शकतो. लाल थोडा विटकरी दिसतो, त्वचेचा रंग निस्तेज वाटतो. कोडिंग, हिशोब, निबंधलेखन करणाऱ्याचं यावाचून काही अडत नाही. लग्नाचे फोटो एडिट करणारा, पुस्तकांची मुखपृष्ठं किंवा इन्स्टाग्रामची पोस्टर करणारा मात्र अशा स्क्रीनवर रंग ठरवेल आणि छापून आल्यावर कपाळाला हात लावेल. त्याने '१०० टक्के एसआरजीबी' हे शब्द शोधावेत, मग प्रोसेसर एक पायरी खालचा मिळाला तरी चालेल. आयपीएस आणि टीएन या दोन प्रकारांत आयपीएसच घ्यावा. टीएन स्क्रीन जरा बाजूने पाहिला की रंग उलटेपालटे होतात. ओळख सोपी आहे. दुकानात झाकण थोडं मागे-पुढे करून पाहावं.

सत्तर हजारांच्या जवळपास ओएलईडी स्क्रीनही मिळू लागले आहेत. काळा रंग खरोखर काळा, रंग झगमगीत. पाहताक्षणी मोह पडतो. पण दिवसभर तीच एक्सेलची पट्टी आणि तोच टास्कबार दाखवत राहिल्यास त्याचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. उजेड कमी केल्यावर स्क्रीन सूक्ष्म वेगाने लुकलुकतो, त्याने काहींचं डोकंही दुखतं. सिनेमे पाहणाऱ्यासाठी उत्तम, हिशोबनिसासाठी नाही. आणखी एक लहानसा पण उपयोगी फरक आहे. १६:१० आकाराचा, म्हणजे १९२० बाय १२०० चा स्क्रीन मिळत असेल तर तो घ्यावा. उंची थोडी जास्त असल्याने पानावरच्या चार ओळी जास्त दिसतात.

बॅटरीच्या बाबतीत जाहिरातीतले तास विसरावेत आणि वॉट-अवर विचारावेत. या पट्ट्यात ४१-४२ वॉट-अवरच्या बॅटऱ्या भरपूर आढळतात. हलक्या कामात लॅपटॉप आठ-दहा वॉट खातो. भागाकार केला की चार-पाच तास येतात, आणि ही नव्या बॅटरीची गोष्ट आहे. व्हिडिओ कॉल लावला की तीनावर येणार. काहीशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घटू लागते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लेक्चर संपण्याआधीच चार्जर शोधावा लागतो. पन्नासपेक्षा जास्त वॉट-अवर मिळत असतील तर त्यासाठी दोन हजार जास्त गेले तरी हरकत नाही. दिवसभर प्लगला लावूनच काम करणाऱ्याने कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का पाहावं आणि ती चालू ठेवावी.

चार्जर टाइप-सी असेल तर मोठी सोय होते. फोनचा आणि लॅपटॉपचा एकच चार्जर प्रवासात न्यायचा, आणि तो हरवला तर तालुक्याच्या गावीही दुसरा मिळतो. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपांना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं, त्यामुळे गोल पिनचे चार्जर हळूहळू जातील. पण नुसता टाइप-सी पोर्ट दिसला म्हणून तो चार्ज करतोच असं नाही. स्वस्त मॉडेलांत तो फक्त डेटासाठी असतो.

उन्हाळ्याचा विचार आपल्याकडे करायलाच हवा. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायला सांगतात. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि वीज गेली की घरातलं तापमानही सहज चाळिशी गाठतं. अशा वेळी प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवून स्वतःला वाचवतो, आणि 'घेतला तेव्हा पळायचा, आता रखडतो' ही तक्रार सुरू होते. पातळ, देखणा, एकच पंखा असलेला लॅपटॉप विदर्भात गरम होणारच. तिथे थोडा जाड आणि हवेची तोंडं मोठी असलेला बरा. मशीन गादीवर ठेवून वापरण्याची सवय तर सोडावीच, कारण हवा आत घेण्याची जागा बहुतेक मॉडेलांत तळाशी असते. आणि मेटलच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर लॅपटॉप परत करण्याआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्यावं.

कीबोर्ड, बिजागरी आणि पोर्ट यांच्यासाठी दुकानात जावंच लागतं, तपशील-तक्ता इथे कामाचा नाही. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबून पाहावं. पट्टा खाली दबत असेल तर रोज पाच-सहा पानं टाइप करणाऱ्याला तो जड जाईल. बॅकलाइट अनेक मॉडेलांत गाळलेला असतो. झाकण एका हाताने उघडताना खालचा भाग वर उचलला जातो का, करकर आवाज येतो का, हेही पाहावं. प्लॅस्टिकच्या बॉडीत बिजागरीचे स्क्रू ज्या छोट्या पितळी बुशांत बसतात, ते उखडणं हा या किमतीतला नेहमीचा आजार आहे आणि दुरुस्तीत वरचं पॅनेलच बदलावं लागतं. वेबकॅम अनेकांत अजून ७२०पीचाच आहे. मुलाखती ऑनलाइन द्यायच्या असतील तर हे लक्षात ठेवावं. लॅनचा पोर्ट आणि एसडी कार्डची खाच पातळ लॅपटॉपांतून गळत चालली आहे. ज्याला लागते त्याने आधीच पाहावं.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी बरी गोष्ट अशी की यासाठी वेगळा खर्च नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच आणि २०१९पासून मराठी फोनेटिकही मिळतो. कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापलेली नसतात, पण आठवडाभरात बोटं वळतात. जुन्या फॉन्टवर आणि डोंगलवर चालणारी डीटीपी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्या मुद्रकांनी मात्र नव्या लॅपटॉपवर, नव्या विंडोजमध्ये ती चालतात का, हे पैसे देण्याआधी करून पाहावं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं का? विक्रेता 'हवंच' म्हणेल आणि इंजिनिअरिंगचा मुलगाही म्हणेल. दोघांचे हेतू वेगळे असतात. प्रोग्रॅमिंग, मॅटलॅब, ऑटोकॅडमधलं द्विमितीय रेखाटन यांना कार्ड लागत नाही. सॉलिडवर्क्समधल्या मोठ्या जोडण्या, ब्लेंडर, व्हिडिओ संकलन आणि गेम यांना लागतं. साठ-सत्तर हजारांत आरटीएक्स २०५० किंवा ३०५० मिळतं. पण ३०५० हे एकच नाव ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंतच्या कार्डांना चालतं आणि वॉट कमी असले तर वेगही कमी. कार्ड दिलं की कंपनी त्याची भरपाई स्क्रीन, बॅटरी किंवा बॉडीत करते. वजन सव्वादोन किलोच्या पुढे जातं, वर अर्धा किलोचा चार्जर. रोज डोंबिवलीहून लोकलने जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीवर हे ओझं चार वर्षं असतं. खेळण्याची खरोखर हौस असेल तर कार्ड घ्यावं, त्याला 'अभ्यासासाठी' म्हणू नये.

सॉफ्टवेअरबाबत चौकशी थोडक्यात पण नेमकी हवी. 'ऑफिस फ्री' म्हणजे कायमस्वरूपी ऑफिस की वर्षभराचं मायक्रोसॉफ्ट ३६५? दोन्हींत काही हजारांचा फरक आहे. 'डॉस'वाला लॅपटॉप स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोजचं लायसन्सच नसतं. लिनक्स वापरणाऱ्याला तो फायद्याचा आहे. इतरांना दुकानदार 'टाकून देतो' म्हणाला तर ती प्रत बहुधा चोरीची असते. सोबत येणारं चाचणी मुदतीचं अँटीव्हायरस काढून टाकलं तरी चालतं, विंडोजचं स्वतःचं संरक्षण घरच्या वापराला पुरेसं आहे.

नव्याला पर्यायही आहेत. बड्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलाइटबुक हे व्यावसायिक मालिकेतले लॅपटॉप पंचवीस-तीस हजारांत नूतनीकरण करून विकले जातात. त्यांची बांधणी आणि कीबोर्ड साठ हजारांच्या नव्या घरगुती मॉडेलला लाजवतात. बॅटरी मात्र थकलेली असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. विक्रेत्याला तो समोर काढायला लावावा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर घेऊ नये. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्या जुन्या मशीनांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही.

अ‍ॅपलचे जुने मॅकबुक एअर सेलच्या दिवसांत या पट्ट्यात डोकावतात. २०२०च्या अखेरीस आलेलं एम-१ चं मॉडेल इथे ९२,९०० रुपयांना सुरू झालं होतं आणि पुढे बरंच खाली आलं. बॅटरी, स्क्रीन, टचपॅड या तिन्ही बाबतींत या किमतीचा विंडोज लॅपटॉप त्याच्या पासंगाला पुरत नाही. पण रॅम ८ जीबी आणि तीही पक्की, टॅलीप्राइम आणि सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच. लेखक, पत्रकार, वेब डेव्हलपर यांना ते मानवेल. वाणिज्य आणि यंत्र अभियांत्रिकीवाल्यांना अडचणीचं. स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम रचनेच्या प्रोसेसरचे लॅपटॉप २०२४पासून बाजारात आहेत, त्यांचीही बॅटरी दणकट आहे. मात्र जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा डोंगल जोडायचा असेल आणि त्याचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर नसेल तर तो चालणारच नाही.

किमतीचं बोलायचं तर ऑनलाइन सेल आणि दुकान यांतला फरक वाटतो तेवढा नसतो. ऑनलाइन दाखवलेला भाव बँकेचं कार्ड, जुन्याची अदलाबदल अशी सवलत धरून असतो. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाइतकी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच खिशातून जातं. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने आपल्या क्रमांकाचं बिल घेतलं तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. साठ हजारांच्या मशीनवर ही रक्कम नऊ हजारांच्या वर जाते, एवढी सूट सेलमध्ये सहसा मिळत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेवा. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की 'कॅरी-इन', हे बिलापूर्वी विचारावं. ऑनसाइट असेल तर कंपनीचा माणूस घरी येतो. कॅरी-इन असेल तर सिंधुदुर्गातल्या माणसाला मशीन घेऊन कोल्हापूर किंवा पणजी गाठावी लागेल. आपल्या जिल्ह्यात ज्या कंपनीचं सेवा केंद्र आहे, तिचं थोडं कमी ताकदीचं मॉडेल मी पसंत करेन. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर ती कंपनीकडूनच घ्यावी, दुकानाच्या किंवा संकेतस्थळाच्या स्वतःच्या 'प्रोटेक्शन प्लॅन'मध्ये अटींचं जंगल असतं. होस्टेलला जाणाऱ्या मुलांसाठी सांडलं-पडलं यालाही लागू होणारं संरक्षण पैसे वसूल करून देतं.

मग घ्यायचं काय? आज साठ हजारांत मी १६ जीबी रॅम आणि शक्यतो एक मोकळा स्लॉट, झेन-३ किंवा त्यापुढचा रायझन ५ अथवा तेराव्या पिढीचा आय-५, ५१२ जीबी एसएसडी, ३०० निट्सचा आयपीएस स्क्रीन, पन्नासच्या आसपास वॉट-अवरची बॅटरी आणि टाइप-सी चार्जिंग एवढं मागेन. आय-७, टचस्क्रीन, खोक्यावरचा एआयचा बिल्ला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड सोडून देईन. यातलं सगळं एकाच मशीनमध्ये सापडलं नाही तर प्रोसेसरमध्ये एक पायरी उतरेन, पण स्क्रीन आणि रॅममध्ये तडजोड करणार नाही.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा, बिलावर सीरियल नंबर आहे ना ते पाहा आणि तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून चालू झाली हे त्याच दिवशी तपासा. दुकानात पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधीकधी आधीच सुरू झालेली दिसते, पण बिल दाखवल्यावर ती दुरुस्त करून मिळते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.